विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही

१९९१ च्या उन्हाळ्यात मी करावे गावात, आमच्या घरापुढच्या अंगणात एक होडी बांधली. शेतकऱ्याच्या अंगणात होडी कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आम्हाला त्यात नवल नव्हतं. आमची भातशेती खाडीला लागून, खाजणात. बांधाच्या आत भात, बांधाच्या बाहेर चिखल नि खारफुटी. भात झोडून झालं की वडील पाग खांद्यावर टाकून निघायचे नि बोईटं, कोलंबी, नशीब असलं तर एखादा जिताडा घेऊन यायचे. अर्धं पोट शेतावर, अर्धं खाडीवर. १९७० पासून नव्या शहरासाठी जमिनी जायला लागल्या. आमचंही बरंचसं शेत गेलं. मी १९७६ ला दहावी झालो. दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू होऊन तेव्हा दुसरंच वर्ष होतं. नोकरी काही लागली नाही. राहिलेला तुकडा कसायचा नि खाडीत जायचं, हेच चालू राहिलं.

घरात एक ५ घोड्यांचं डिझेल इंजिन पडून होतं. भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्यासाठी घेतलेलं. वाफेच गेले, मग इंजिन कोणाला पाणी देणार? ते होडीला बसवावं असं माझ्या डोक्यात आलं. होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मी पोरवयात दोन उन्हाळे काढले होते. तेवढ्या शिदोरीवर सुरुवात केली. लांबी १८ फूट, रुंदी साडेचार. आतल्या वाक्यांना बाभूळ, फळ्यांना खालच्या अंगाला साग नि वरच्या अंगाला आंबा, कारण सगळा साग घ्यायला पैसे नव्हते. वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला, वरून राळ. पावसाआधी होडी पाण्यात गेली.

गेली, पण चालेना. पंपाचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे मारणारं. पंखा थेट जोडला की तो पाणी ढकलायचं सोडून नुसता फेस करायचा. मग इंजिनावर लहान पुली नि शाफ्टवर तिच्या दुप्पट पुली लावून पट्टा चढवला, म्हणजे पंख्याचे फेरे निम्मे. मग मोठा पंखा लावला, तर इंजिन दमून काळा धूर ओकायला लागलं. पुन्हा थोडा लहान लावला. सगळ्यात मोठी चूक वजनाची होती. इंजिन मी अगदी मागे बसवलं होतं. त्यामुळे पाठ बुडायची, नाळ आभाळाकडे, नि पुढचं काही दिसायचं नाही. दुसऱ्या वर्षी इंजिन २ फूट पुढे घेतलं. त्यामुळे शाफ्टचा उतार बदलला नि त्याला तळातून बाहेर काढायला नवं भोक पाडावं लागलं. जुनं भोक मी लाकडाचा गुटका ठोकून बंद केलं. गुटका आंब्याचा होता. वरून डांबर फासलं.

त्यानंतर होडी अशी चालली की काय सांगू. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला यायची. पाच घोड्यांत एवढी धाव? मी नुसता हसायचो. त्या जुन्या भोकाबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, नि मी सांगितलं नाही. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. ज्याची होडी त्याला ठाऊक.

आता मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळ दास्तान फाट्यावर नि नवघरला गोळीबार झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले होते. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. आमच्याही वाट्याला एक लहान तुकडा येणार होता. वडील आजारी, घरात पैसा नाही. १९९६ ला एका दलालाला मी तो हक्क देऊन टाकला. वर्षाच्या आत कळलं की त्या तुकड्याच्या तोंडाशी मोठा रस्ता आखलेला होता नि दलालाला ते आधीपासून माहीत होतं. मी त्याच्या दारात जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही कुठं विचारलंत?"

ते वाक्य मी गावभर सांगत फिरलो. चावडीवर, लग्नात, मयतीला. ज्या जमिनीसाठी माणसं मेली ती याने गप्प बसून लाटली, असं मी म्हणायचो. लोक माना डोलवायचे.

नि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९९७ च्या फेब्रुवारीत, मी होडी विकली. वडिलांचं औषधपाणी वाढलं होतं. विकण्याआधी तिला किनाऱ्यावर ओढून आडवी केली नि हातोडीने तळ ठोकत गेलो. चांगलं लाकूड टणटण बोलतं. जुन्या भोकापाशी आलो नि आवाज बद आला. टोच्या घातला तर बोटभर आत गेला.

खाडीच्या पाण्यात लाकूड खाणारा एक जीव असतो. आम्ही त्याला किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या जातीचा. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिलू आत शिरतं, आतच वाढतं नि लाकडात लांबच लांब बिळं करतं. बाहेरून फळी नवीसारखी, आतून चाळण. १७३० च्या सुमारास हॉलंडमध्ये समुद्राला अडवणाऱ्या बांधांचं लाकूड याच जिवाने खाऊन टाकलं नि सगळा देश हादरला, असं मी वाचलं आहे. माझ्या होडीत त्याला वाट मीच करून दिली होती. गुटका नि त्याच्या भोवतीची फळी गेली होती.

फळी बदलायची तर सागाचा पैसा हवा नि पंधरा दिवस हवेत. गिऱ्हाईक उद्या येणार होतं. मी भोकात राळ भरली, डांबर फासलं, वरून लाल रंग दिला.

गिऱ्हाईक खाडीपलीकडचा, लांबच्या नात्यातला. इंजिन सुरू करून बघितलं, एक फेरी मारली. मी म्हटलं, "खालून बघून घे." एवढं मी म्हटलं, हे खरं. तो हसला. "दादा, तू बांधलीस ना? मंग मना काय बघाचा?" बावीस हजार मोजून दिले नि होडी घेऊन गेला.

एप्रिलमध्ये ती बुडाली. तो नि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा खाडीच्या मध्यावर होते. शाफ्टजवळची फळी फुटली नि बघता बघता पाणी वाक्यांवर आलं. डिझेलचा रिकामा डबा धरून दोघं तरंगले. भरती चालू होती म्हणून पाण्याने त्यांना आत, खारफुटीकडे आणून सोडलं. ओहोटी असती तर बाहेर नेलं असतं. हे एवढंच अंतर होतं, भरती नि ओहोटीचं.

तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. भांडला नाही. ओट्यावर बसला, पाणी प्यायला नि म्हणाला, "मी इचारला नाय, यो माझा चुकला. पन तुला म्हाईत व्हता का?"

मी म्हटलं, "नाही."

तोवर मी फक्त गप्प होतो. त्या दिवशी मी खोटं बोललो. आज एवढं कळतं की त्या गप्प बसण्याच्या पोटातच हे खोटं होतं. कोणीतरी एक दिवस 'तुला माहीत होतं का' असं विचारणारच होता.

माझा भाचा वकील आहे. पुढे एकदा त्याला मी कोणा दुसऱ्याची गोष्ट म्हणून हे विचारलं. त्याने १८७२ च्या करार कायद्याचं १७ वं कलम सांगितलं. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं कायदा म्हणतो. त्यात घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात एकाने आजारी घोडा विकला, काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं काम. नि घेणारा जर म्हणाला, 'तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरतो', तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच. ऐकून मी जागीच बसलो. 'तू बांधलीस ना?' याचा अर्थ दुसरा काय होता?

मी स्वतःची बाजूही मांडून बघितली आहे. बैलबाजारात कोण आपल्या बैलाची खोड आपण होऊन सांगतो? जुन्या होडीत काही ना काही असणारच, हे घेणाऱ्याला कळायला नको? आणि गरिबाने आपल्या मालाचं सगळं वाईट सांगितलं तर त्याचा माल घेणार कोण? ही बाजू अगदीच खोटी नाही. पण बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो. जे बघायचं ते त्याच्या डोळ्यांपुढे असतं. मी तर दिसणारी जागा रंगवून झाकली नि मग म्हटलं, बघून घे. विचारणाऱ्याला काय विचारायचं हे तरी माहीत पाहिजे. ज्याला जुनं भोक होतं हेच माहीत नाही तो त्या भोकाबद्दल कसा विचारेल? मला रस्ता माहीत नव्हता, मी तरी रस्त्याचं कसं विचारणार होतो?

म्हणजे मी तोच दलाल झालो होतो. नीट तोललं तर त्याच्याहून वाईट. त्याच्या गप्प बसण्यात माझा पैसा गेला. माझ्या गप्प बसण्यात एक पोर जाणार होतं. त्या वर्षीपासून मी दलालाची गोष्ट सांगणं बंद केलं. लोकांना वाटलं, मी विसरलो.

जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी पलीकडे गेलो नि त्याला खरं सांगितलं. त्याची बायको दारात उभी होती. मी पैसे परत देतो म्हटलं. होते सहाच हजार. ती म्हणाली, "पैसं ठेव तुझं. पोरगा पान्याला भितो, त्याचा काय करतंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाकूड त्यांनी आणावं, बांधणावळ न घेता मी नवी होडी बांधून देतो, असं ठरलं. दिवाळीनंतर बांधली. ताब्यात देताना खडूने खुणा करून एकेक जागा दाखवली: इथे गाठ आहे, इथे फळी अर्धा इंच कमी पडली, इथे दोन वर्षांनी बघ. त्यानंतर दुसऱ्यांच्या ज्या काही होड्या मी दुरुस्त केल्या, त्या सगळ्यांवर खडूच्या खुणा करूनच दिल्या. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे परत गेली. गेली तर गेली.

त्या मुलाने मात्र नंतर होडीत पाय ठेवला नाही. आता तो चाळिशीत आहे, टेम्पो चालवतो. लग्नकार्यात भेटतो, 'काका' म्हणून वाकून नमस्कार करतो. पहिल्यांदा असा नमस्कार केला तेव्हा मी त्याच्या बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "त्याला सांगला नाय मी. कशाला सांगाचा?"

तेही गप्प बसणंच. मग ते वाईट का वाटत नाही? याच्यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला. त्याच्या गप्प बसण्याने त्याला स्वतःला काही मिळालं नाही, माझी लाज झाकली गेली. माझ्या गप्प बसण्याने बावीस हजार मला मिळाले नि धोका त्याला. गप्प बसावं की बोलावं, हा प्रश्न पडला की मी आता एवढंच बघतो: झाकतोय ते कोणासाठी?

बाप तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या गप्प बसण्याचा फायदा आता फक्त मी घेतोय. मुलाला वाचायची आवड आहे, नि हे पुस्तक मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देणार आहे.