ओ'हेअर नावाचा माणूस

शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन, त्याचा वकील ‘इझी एडी’ आणि या वकिलाचा शूर मुलगा यांची गोष्ट तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आली असेल. बाप मुलाच्या भल्यासाठी पापाची वाट सोडतो आणि जिवाला मुकतो. मुलगा नौदलात वैमानिक होतो, इंधन कमी असल्याने एकटाच माघारी फिरतो आणि वाटेत शत्रूच्या ताफ्यावर तुटून पडतो. वाचून गळा दाटतो.

माणसे खरी आहेत, पण गोष्ट सजवलेली आहे.

२० फेब्रुवारी १९४२ रोजी गोष्टीतला मुलगा, म्हणजे एडवर्ड ‘बुच’ ओ'हेअर, इंधनाअभावी परतत नव्हते. ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू नौकेच्या रक्षणासाठीच त्यांना जोडीदारासह आकाशात धाडले होते. जोडीदाराच्या बंदुका अडकल्या, म्हणून ते एकटे पडले. पाच जपानी बॉम्बफेकी विमाने पाडल्याचे श्रेय त्यांना मिळाले. पुढे जपानी नोंदी पडताळल्यावर आकडा कमी भरला. वडिलांनी कपोनविरुद्ध माहिती पुरवली होती, हेही खरे. १९३९ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या मनात पश्चात्ताप होता की सुटकेची धडपड, हे त्यांच्याबरोबरच गेले. ते आपण ठरवून टाकावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मुलाची शेवटची रात्र तर त्या गोष्टीत दोन ओळींतच उरकते. २६ नोव्हेंबर १९४३. गिल्बर्ट बेटांजवळ ‘एंटरप्राइझ’वरून रडार असलेले एक ॲव्हेंजर आणि दोन हेलकॅट विमाने काळोखात उडाली. विमानवाहू नौकेवरून रात्री असे लढण्याचा तो पहिलाच प्रयोग होता. ही विमाने एकत्र येत असताना एक जपानी विमान मध्ये घुसले, गोळीबार झाला आणि ओ'हेअर यांचे विमान अंधारात खाली सरकत गेले. शोध घेतला, पण काहीच हाती लागले नाही. वय २९.

ॲव्हेंजरवरचे तोफची ॲल्विन कर्नन यांची गोळी चुकून त्यांना लागली, अशी कुजबुज पुढे अनेक वर्षे चालली. चरित्रकारांनी कागदपत्रे तपासून जपानी गोळीकडे बोट दाखवले. कर्नन पुढे इंग्रजी साहित्याचे नामवंत प्राध्यापक झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात ती रात्र आहे. ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्यानेच ती लिहून ठेवली. त्या सजवलेल्या गोष्टीपेक्षा मला हे मोठे वाटते.

१९४९ मध्ये शिकागोच्या विमानतळाला ओ'हेअर यांचे नाव दिले गेले. तिथल्या दोन नंबरच्या टर्मिनलमध्ये मिशिगन सरोवरातून काढलेले एक वाइल्डकॅट विमान ठेवले आहे, त्यांच्या १९४२ मधल्या विमानासारखे रंगवलेले. लेकीसुनांकडे जाताना तिथे उतरलात, तर पाच मिनिटे त्याच्यापाशी थांबा. आणि ती गोष्ट पुन्हा मोबाइलवर आली, तर खरी हकीकत लिहून मगच पुढे पाठवा.