सटवाईच्या पाटावरची लेखणी
माझ्या प्रत्येक बाळंतपणात सहावीच्या रात्री सासूबाई पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवत. सटवाई येते, बाळाचं नशीब लिहून जाते. आईचं मात्र घरातलेच लिहीत. “देव देतो, आपण घ्यायचं,” सासूबाई म्हणत. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. शेगडी पेटवून माझी कंबर त्यांनीच शेकली. (आणि डिंकाचे लाडू? तसे पुन्हा खाल्ले नाहीत.)

पहिलं मूल अडलं होतं, पाचवं तासाभरात झालं. लोकांना वाटतं, पुढची सगळी सोपी. पण बाळ अंगावर घेतलं की पोटात उठणाऱ्या कळा दर खेपेला वाढत गेल्या, आणि सातव्या वेळी रक्त थांबेना. वारंवार ताणलेलं गर्भाशय नीट आवळत नाही, हे नर्सबाईंनी नंतर सांगितलं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. आमच्या आळीत कितीतरी वर्षांनंतरही तो विषय निघाला की बायका तोंडाला पदर लावत.

मूल देवाचं देणं, हे मी आजही मानते. पण मला हवं की नको, हे कुणी एकदाही विचारलं नाही. त्या न विचारण्याला धर्म म्हणायला मी तयार नाही.