मालकी संपली, उत्तरदायित्व संपले काय?

वस्तू विकली अथवा दान दिली की तिच्यावरील आपली मालकी संपते. पण तिच्यापासून पुढे इतरांना जी इजा पोहोचेल, तिचे उत्तरदायित्वही तेथेच संपते काय? हा जुनाच प्रश्न इलेक्ट्रॉनिक कचऱ्याने नव्याने उभा केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन असा कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

घानाची राजधानी अक्रा येथील अगबोगब्लोशी या भंगार बाजारात युरोपादी देशांतून आलेले जुने संगणक व दूरचित्रवाणी संच वर्षानुवर्षे फोडले जात. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जात. हे काम करणारे अनेक तरुण उत्तर घानाच्या गरीब प्रदेशातील, त्यांत मुसलमानही पुष्कळ. २०१९ मध्ये तेथील कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन या विषाचे भयावह प्रमाण आढळले. घातक कचरा परदेशी पाठवण्यावर १९८९ च्या बासेल कराराने निर्बंध घातले आहेत. म्हणून तो ‘वापरलेला माल’ किंवा ‘देणगी’ या नावाने जहाजावर चढतो.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. बंद पडलेल्या यंत्रांचा कंटेनर हा तसाच ढीग आहे. दानाचेही तेच. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात देऊ नये, ही कुरआनची शिकवण आहे.

कोणी म्हणेल, त्या कचऱ्यावरच गरिबाची चूल पेटते. हे खरेच आहे. जुलै २०२१ मध्ये शासनाने तो बाजार पाडला, तेव्हा जाळण्याचे काम थांबले नाही, आसपास विखुरले. रोजी हिरावणे हा न्याय नव्हे. रोजीतील विष काढणे हा न्याय. न जाळता आणलेल्या तारांना योग्य भाव देण्याचे प्रयोग घानात झाले. २०१६ च्या तेथील कायद्याने आयातदार व उत्पादकांवर शुल्कही बसवले. चक्रीय अर्थव्यवस्थेचे मर्म हेच: वस्तू दुरुस्त होण्याजोगी घडवावी, तिचे घटक पुन्हा उपयोगात आणावेत आणि त्याचा भार दुर्बलाच्या फुप्फुसांवर टाकू नये.

प्रेषित (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, हे माननीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. म्हणून दुरुस्ती ही कंजुषी नव्हे, सुन्नत आहे. आपल्या देशातही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा चालता मोबाईल केवळ हौसेखातर बदलू नये, आणि निकामी झालेला अधिकृत संकलकाकडेच द्यावा. आपल्या नजरेआड झालेली वस्तू अल्लाहच्या नजरेआड होत नाही. शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची, मग तो शेजारी समुद्रापलीकडचा का असेना, सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.