ऐकून घेण्याचा अधिकार

दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची पात्रता अभ्यासक्रमाने येते की ती अंगचीच असावी लागते, हा प्रश्न जुना आहे. परंतु अमेरिकेतील टेक्सस राज्याने 2023 मध्ये केलेल्या एका कायद्याने तो थेट सरकारी शाळेच्या दारात आणून ठेवला. सिनेट विधेयक 763 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने शाळांना ‘चॅपलेन’ पगारावर नेमण्याची किंवा स्वयंसेवक म्हणून घेण्याची मुभा दिली. चॅपलेन म्हणजे रुग्णालय, तुरुंग, सैन्य अशा ठिकाणी राहून लोकांना आध्यात्मिक आधार देणारा धर्मसेवक. शाळेतील अशा चॅपलेनला राज्याच्या शिक्षक-प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागणार नाही असे कायद्यातच नमूद केले गेले, आणि पार्श्वभूमीची गुन्हेविषयक तपासणी सोडली तर पात्रतेची म्हणावी अशी अट फारशी उरली नाही.

त्याच राज्यात, त्याच शाळेत समुपदेशक म्हणून काम करू इच्छिणाऱ्याला मात्र समुपदेशन विषयातील किमान 48 श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रमात 160 तासांचे प्रात्यक्षिक करावे लागते, परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. कायदा झाला त्या वेळी वर्गात दोन वर्षे शिकवल्याचा अनुभवही आवश्यक होता. देशपातळीवर समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘केक्रेप’ ही संस्था तर 60 श्रेयांक, 100 तासांचे प्रात्यक्षिक आणि त्यानंतर 600 तासांची उमेदवारी मागते, व त्या 600 पैकी 240 तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे असावेत असा तिचा दंडक आहे.

कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे केवळ सोयीचे म्हणून झटकून टाकता येत नाही. दर 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, ही अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस बहुसंख्य शाळांत कागदावरच राहते, हा त्यातील व्यावहारिक भाग झाला. त्याखालचा खरा विचार असा की करुणा ही देणगी आहे, ती श्रेयांकांत मोजता येत नाही. या विचाराला अनपेक्षित आधार मिळतो तो कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाकडून. तरुणपणी धर्मसेवेच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झालेला आणि पुढे तेथून मानसशास्त्राकडे वळलेला हा विचारवंत 1957 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडतो की माणसात बदल घडण्यासाठी ऐकणाऱ्याचा आतबाहेर एकसारखा प्रामाणिकपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभे राहून जग पाहण्याची समानुभूती या गोष्टी लागतात. मानसशास्त्राचे, वैद्यकाचे किंवा धर्माचे विशेष बौद्धिक ज्ञान ही त्यासाठीची आवश्यक अट नव्हे. पदव्यांवर आक्षेप घेणाऱ्याला याहून मोठा साक्षीदार मिळणे कठीण.

परंतु हाच रॉजर्स समुपदेशनाच्या बैठका ध्वनिमुद्रित करून त्या प्रशिक्षणासाठी वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी होता. ज्या गुणांना तो अत्यावश्यक मानत होता, ते नुसत्या वाचनाने येत नाहीत आणि जन्मजात असल्याचे गृहीतही धरता येत नाहीत. ते अनुभवाधारित शिक्षणाने कमवावे लागतात, अशी त्याची भूमिका होती. वेदान्तातील अधिकारीविचार याच्या जवळ जातो. तेथे ब्रह्मविद्येच्या श्रवणाला बसण्यापूर्वी विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुणांची संपत्ती आणि मुमुक्षुत्व हे साधनचतुष्टय साधकाच्या अंगी असावे असे मानले आहे, आणि ही सारी माहितीची नव्हे तर स्वतःला वळण लावण्याची साधने आहेत. तेथे श्रोत्याने ऐकायचे ते शास्त्र असते आणि समुपदेशकाने ऐकायचे ते मुलाचे मन, हा भेद मोठा आहे. तरी ऐकण्यासाठी आधी स्वतःला तयार करावे लागते, हे दोन्हींकडे सारखेच आहे.

ही तयारी कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पर्यवेक्षक, म्हणजे प्रशिक्षणार्थीच्या कामावर देखरेख ठेवणारा अनुभवी समुपदेशक, दर आठवड्याला त्याच्यासमवेत बसून मुलाशी झालेल्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकतो. मूल म्हणते, ‘घरी जावंसं वाटत नाही’. प्रशिक्षणार्थी घाईघाईने म्हणतो, ‘होईल सगळं नीट’. ध्वनिमुद्रण तेथेच थांबवले जाते आणि विचारले जाते की हा दिलासा मुलासाठी होता की स्वतःची अस्वस्थता झाकण्यासाठी. चांगल्या हेतूने बोललेल्या वाक्यामुळे मुलाची पुढची, कदाचित सर्वांत महत्त्वाची, गोष्ट तोंडातच राहिली, हे त्याला स्वतःच्या आवाजातून कळते. सद्भावनेतला हा दोष सद्भावनेला एकटीला दिसत नाही.

विशेष असे की ही पद्धत धर्मसेवेच्या क्षेत्रातही स्वतंत्रपणे घडली. अँटन बॉइसेन हा प्रेस्बिटेरियन पाद्री स्वतः तीव्र मनोविकाराने रुग्णालयात राहून आला होता, आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील मनोरुग्णालयात चॅपलेन असताना 1925 मध्ये त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवण्यास सुरुवात केली. त्यातून वाढलेल्या प्रशिक्षणपरंपरेत विद्यार्थी रुग्णाशी झालेला संवाद आठवून ओळीओळीने लिहितो आणि पर्यवेक्षकासमोर व सहाध्यायांसमोर वाचतो. अशा शिक्षणातून तयार झालेले चॅपलेन रुग्णालयांत मोलाचे काम करतात. टेक्ससमधील शंभराहून अधिक चॅपलेननी या कायद्याची अंमलबजावणी करू नये असे शाळा-मंडळांना पत्राने कळवले, त्यामागे हीच जाण होती. म्हणून हा वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा रंगवणे चुकीचे आहे.

मूळ प्रश्न ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापेक्षा मुलाच्या स्थितीशी अधिक निगडित आहे. मंदिरात, चर्चमध्ये किंवा सत्संगाला जाणारा प्रौढ मनुष्य आपला मार्गदर्शक निवडतो आणि त्याला सोडूही शकतो. सरकारी शाळेत मूल कायद्याच्या सक्तीने आलेले असते आणि समोर कोण बसेल हे ते ठरवत नाही. गोपनीयतेचेच उदाहरण घ्यावे. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाचे गुपित कोणत्याही कारणाने फोडता येत नाही. शालेय समुपदेशकाने मात्र, जिवाला धोका असेल किंवा कोणी छळ करत असेल तर ही गोष्ट इतरांना सांगावी लागेल, हे मुलाला सुरुवातीलाच सांगणे अपेक्षित असते. दोन्ही नियमांना आपापले नैतिक अधिष्ठान आहे, पण समोरचा माणूस कोणत्या नियमाने बांधलेला आहे हे ठाऊक नसलेले मूल सर्वाधिक असुरक्षित असते. प्रमाणपत्र करुणेची हमी देत नाही. ते धारण करणारा कोणाला तरी उत्तरदायी आहे आणि मर्यादा ओलांडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते, एवढे ते निश्चित करते, आणि ज्याला निवड नाही त्याच्यासाठी एवढी तजवीज हा राज्याचा किमान धर्म आहे. टेक्ससच्या कायद्याने नेमकी ती सोडली. 1 मार्च 2024 पर्यंत प्रत्येक शाळा-मंडळाने याविषयी मतदान करणे बंधनकारक होते, आणि अनेक मोठ्या मंडळांनी चॅपलेनना समुपदेशकाची जागा देण्याचे नाकारले, हे योग्यच झाले.

उत्तरदायित्वाचा हा प्रश्न आपल्याकडेही लागू होतो. भारतात ‘एनसीईआरटी’ने मार्गदर्शन व समुपदेशन या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे, त्यात सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने उमेदवारी अशी रचना आहे. भोपाळ येथील तिची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्र आणि गोव्यासाठीही आहे. म्हणून आपल्या पाल्याच्या शाळेत समुपदेशक नेमला आहे एवढ्यावर समाधान न मानता त्याचे शिक्षण कोणते, त्याने उमेदवारी कोठे केली आणि आज त्याच्या कामावर देखरेख कोणाची, हे तीन प्रश्न पालकांनी शाळेला अवश्य विचारावेत.