न दिसल्याची साक्ष

गेल्या कार्तिकात काही कामानिमित्त आम्ही एटापल्लीस गेलो होतो. मुक्कामाच्या घरचा एक बैल सायंकाळी रानातून परतला नाही, म्हणून चौघेजण चार वाटांनी निघाले. पहिला परतला तो एवढेच म्हणाला, "ओढ्यापर्यंत जाऊन आलो. ओल्या वाळूत एक खूर उमटलेला नाही. तिकडे गेला नाही." रिकाम्या हाताने आलेल्या त्या माणसास कोणी बोल लावला नाही, उलट ती दिशा सोडून देऊन उरलेल्या वाटांवर माणसे वाढविली गेली, आणि मध्यरात्रीच्या आत बैल सापडला.

अंगणातून आकाश पाहताना आम्हांस दुसऱ्या एका शोधाचे स्मरण झाले. 17 ऑगस्ट 2017 रोजी, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवर झालेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचे गुरुत्वतरंग पृथ्वीवर पोहोचले. मागोमाग 1.7 सेकंदांनी अमेरिकेच्या फर्मी उपग्रहास गामा किरणांचा जेमतेम दोन सेकंद टिकलेला झोत दिसला. असा झोत मोजावयाचा म्हणजे यंत्रावर क्षणोक्षणी आदळणाऱ्या किरणकणांची गणती ठेवावयाची, आणि नित्याच्या पातळीवर एकाएकी उसळी आली की काय हे पाहावयाचे. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय हे यंत्र त्या वेळी गणती करीतच होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे आयुका यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा आहे. तीव्र गामा किरण त्याच्या भिंती भेदून आत येतात, म्हणून बाजूने आलेला झोतही त्यास कळतो. तरीही त्या दिवशी उसळी आली नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी अनुमान बांधले की, स्फोटाची दिशा यंत्राच्या दृष्टीने पृथ्वीच्या आड असली पाहिजे. आणि आकाशाचा बराच भाग शोधातून वगळता आला.

कोणी म्हणेल, घरी निजून राहिलेलाही "मला दिसले नाही" असेच सांगतो. मग दोघांत अंतर काय? अंतर आहे ते जागृतीचे. जो ओढ्यापर्यंत गेला, ज्यास आपली दृष्टी कोठवर पोहोचते हे ठाऊक आहे, त्याचाच नकार साक्ष ठरतो. इतरांचा नकार हे केवळ अज्ञान होय.

विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत अपेक्षित आकडा न मिळाल्यामुळे तो आम्ही वहीत मागाहून "मिळविला" होता. गुण पूर्ण मिळाले. चूक उपकरणात होती की हातात, हे मात्र कधीच कळले नाही. पुढे तीस वर्षे आम्हीही विद्यार्थ्यांच्या वह्यांतील जुळणाऱ्या आकड्यांसच गुण देत आलो. प्रामाणिक नकारास ज्या घरात, ज्या शाळेत किंमत नाही, तेथे मुले खोटा होकार शिकतात, आणि तो शिकविणारे आपणच असतो. एटापल्लीच्या त्या अंगणात रिकाम्या हाताने आलेल्या माणसास आधी पाणी दिले गेले, मग पुढचा शोध सुरू झाला. हे आम्हांस फार उशिरा पाहावयास मिळाले.