दवाखाना लांब नेताना

घरातले कोणी मध्यरात्री आजारी पडले म्हणजे मनात पहिला प्रश्न उठतो तो, दवाखाना किती लांब आहे, हा. म्हणून गावच्या दवाखान्यातील एखादा विभाग हलवून ती सोय दुसरीकडे करू, असे सरकार म्हणू लागले की लोक धास्तावतात. ही धास्ती केवळ अज्ञानाची असते काय? पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, एवढे म्हटल्याने प्रश्न मिटतो काय? लंडन शहरात घडलेल्या एका गोष्टीच्या आधारे आपण याचा विचार करू.

इंग्लंडमध्ये १९४८ सालापासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागतो आणि रुग्णालयात रोग्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. दक्षिण लंडनमध्ये या सेवेची तीन रुग्णालये चालविणारी एक संस्था फार तोट्यात गेली. खाजगी पैशातून इमारती बांधून वर्षानुवर्षे हप्ते फेडण्याचे करार, हे त्या तोट्याचे एक मोठे कारण होते. दर आठवड्यास दहा लाख पौंडांहून अधिक तूट येई. २०१२ साली सरकारने तेथे खास प्रशासक नेमला. त्याने सुचविलेल्या उपायांत एक असा होता की, शेजारच्या लुइशम रुग्णालयातील तातडीचा विभाग लहान करावा आणि अवघड बाळंतपणे इतरत्र न्यावीत. आता लुइशमचे रुग्णालय त्या बुडालेल्या संस्थेचे नव्हतेच. त्याचा कारभार नीट चालला होता.

जानेवारी २०१३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यात तेथील डॉक्टर मंडळीही होती. तरी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी थोडे फेरफार करून योजना मान्य केली. तेव्हा स्थानिक नगर परिषद व नागरिकांची समिती न्यायालयात गेली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ठरविले की, प्रशासक ज्या संस्थेवर नेमला तिच्याबाहेरच्या रुग्णालयास हात लावण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयानेही तेच म्हटले.

येथे थांबलो तर गोष्ट सोपी होते: लोक बरोबर, सरकार चूक. परंतु त्याच लंडनची दुसरी गोष्ट आपण विसरू नये. पूर्वी तेथे पक्षाघाताचा झटका आलेल्या रोग्यास सुमारे तीस रुग्णालयांपैकी जवळच्या रुग्णालयात नेत. २०१० साली पहिल्या काही दिवसांच्या तातडीच्या उपचारांसाठी आठच केंद्रे ठेवली. रुग्णवाहिका जवळचे दार सोडून पुढे जाऊ लागल्या. पुढे अभ्यासात दिसले की, तेथे या आजाराने मरणाऱ्यांचे प्रमाण उरलेल्या इंग्लंडपेक्षा अधिक घटले. म्हणजे दवाखाना लांब नेणे हेच पाप, असे आम्हांला म्हणता येत नाही.

मग भेद कोठे आहे? पक्षाघाताच्या रोग्याला लांब नेले ते त्याच्याच जिवासाठी. लुइशमबाबतही प्राण वाचतील असे अधिकारी सांगत होते. पण त्या विचाराचा आरंभ रोग्यापासून झाला नव्हता. तो दुसऱ्याच्या तोट्यापासून झाला होता. आणि ज्यांना ती वाट चालावयाची होती त्यांचे म्हणणे ऐकूनही बाजूस ठेवले गेले.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपणांस पाठ आहे. त्याने जखमा बांधल्या त्या जागच्या जागी, रस्त्यावरच. मग त्या मनुष्यास दूर उतारशाळेत नेले. जवळची मदत आणि लांबची सोय या दोहोंत त्याला विरोध दिसला नाही. आणि उतारशाळेचा खर्च त्याने स्वतःच्या पदरचा दिला. वाटेत भेटलेल्या तिसऱ्याच्या माथी मारला नाही.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याचे ओझे वाहणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? होय, आहे. ऑक्टोबर २०१३ मध्येच लुइशमचे रुग्णालय आणि त्या बुडालेल्या संस्थेपैकी वुलिचचे रुग्णालय एका कारभाराखाली आले. म्हणजे शेजाऱ्याची जबाबदारी लुइशमने नाकारली, असे झाले नाही. परंतु आपण होऊन खांद्यावर घेतलेले ओझे निराळे, आणि न विचारता दुसऱ्याने पाठीवर ठेवलेले निराळे.

न्यायालयाने कायद्याचा प्रश्न सोडविला, नीतीचा नव्हे. २०१४ साली कायदाच बदलून अशा प्रशासकाचे अधिकार वाढविण्यात आले. पण कायदा बदलला म्हणून काल जे अन्यायाचे होते ते आज न्यायाचे होत नाही.

हे दूरदेशीचे म्हणून आपण सोडून देऊ नये. मिशनचे दवाखाने आटताना आपल्या मंडळ्यांनीही पाहिले आहेत. आपल्यातील कित्येक जण पंच आहेत, विश्वस्त आहेत, कमिटीवर बसतात. पुढे एखादा दवाखाना हलविण्याचा ठराव आपल्यासमोर येईल तेव्हा हात वर करण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्या. हा बदल रोग्यासाठी आहे की हिशेबासाठी? चूक कोणाची आणि भरपाई कोण करीत आहे? आणि ज्या म्हातारीला उद्या दोन बस बदलून यावे लागेल, तिला आपण विचारले काय? तिचे म्हणणे ऐकल्यावर कदाचित ठराव तोच राहील. पण मग त्याच ठरावात तिच्या येण्याजाण्याची सोयही लिहिली जाईल.