उंबरठ्याआतील सेवा

शास्त्रभाग : लूक १०:१-९; मार्क १:२९-३८



काही वर्षांपूर्वी बंगळुरूहून मला एक पत्र आले. लिहिणारी भगिनी मूळची मिरजेकडची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून त्या भागातील कित्येक ख्रिस्ती घरांत मुलीने परिचारिका होणे हे घराण्याचे व्रतच मानले जाते. ही भगिनीही त्याच वाटेने गेली आणि पुढे बंगळुरूच्या एका मोठ्या रुग्णालयात चौदा वर्षे वॉर्डात राबली. आता ती नोकरी सोडून, आजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत जावे असे तिच्या मनात होते. तिने विचारले होते, "पाळकसाहेब, नांगराला हात घालून मी मागे तर पाहत नाही ना?"

मी उत्तर लिहिले ते घाईने, आणि आज सांगावयास लाज वाटते, कठोरपणे लिहिले. पौलाला सोडून गेलेल्या देमासाची मी तिला आठवण करून दिली. थकवा हे पाचारण नव्हे, असेही एक वाक्य मोठ्या ऐटीत लिहिले. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय झालेल्या माणसाला अशी वाक्ये फार लवकर सुचतात.

तिच्या पत्रातील एक ओळ मात्र मी नीट वाचली नव्हती. रात्रपाळीला तीस रुग्णांमागे ती एकटी असे. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. हे प्रमाण कागदावर राहते ही तक्रार जुनीच. पण तिचे दुःख कामाच्या ओझ्याचे नव्हते. तिने लिहिले होते की, आता मला रुग्णांची नावे आठवत नाहीत. 'बारा नंबरचे इंजेक्शन', 'सात नंबरचा ताप' एवढेच आठवते, आणि एके रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा देवापुढेही माझ्या तोंडून खाटांचे क्रमांकच आले.

या ओळीने मला पुन्हा शास्त्राकडे नेले. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू सभास्थानातून निघून थेट शिमोन व अंद्रिया यांच्या घरी जातो. तेथे शिमोनाची सासू तापाने पडली आहे. तिला कोणी उचलून बाहेर आणीत नाही. तोच तिच्या अंथरुणाजवळ जातो, हात धरतो आणि तिला उठवितो. संध्याकाळी मात्र सारे नगर त्या दाराशी लोटते. म्हणजे त्या दिवशी कफर्णहूमात दोन्ही गोष्टी घडल्या : दाराशी दाटलेली गर्दी आणि घराच्या आत एका बाईचा हात. पहाटे प्रभू एकांती प्रार्थनेस गेला. शिमोन शोधीत आला व सर्व जण वाट पाहत असल्याचे त्याने कळविले. तरी प्रभू आसपासच्या गावांकडे निघाला. या वचनावरून कोणीही नोकरी सोडण्याचे समर्थन काढू नये. प्रभू विश्रांतीसाठी गेला नाही, संदेश देण्यासाठी गेला. पण एका दाराशी गरजू उभे आहेत, एवढ्यावरूनच आपण तेथून हलू नये असे ठरत नाही, हेही या वचनात आहे. ते मी पुष्कळ वेळा वाचले होते आणि त्या भगिनीला लिहिताना सोयीस्करपणे विसरलो होतो.

आता लूकाचा दहावा अध्याय पाहू. प्रभूने सत्तर जणांना दोघे दोघे करून पाठविले आणि त्यांना आज्ञा दिल्या. त्यांचा क्रम लक्षात घ्या. घरात शिरताच प्रथम त्या घराला शांती इच्छावयाची. मग तेथेच राहावयाचे आणि घरचे देतील ते खावयाचे-प्यावयाचे. आजाऱ्यांना बरे करण्याची आज्ञा येते ती त्यानंतर, नवव्या वचनात. बरे करणारा आधी पाहुणा होतो. द्यावयास आलेला आधी घेतो. रुग्णालयात हे उलटे असते. तेथे आजारी माणूस आपल्या घरी आलेला असतो. आपले कपडे तो घालतो, आपल्या वेळेला जेवतो आणि त्याच्या बायकोने त्याला केव्हा भेटावे हेही आपणच ठरवितो. यात दोष नाही. शस्त्रक्रिया व्हावयाची तर शिस्त हवी. पण उंबरठा ओलांडून आत गेलेल्या परिचारिकेच्या हाती तो अधिकार राहत नाही. चप्पल कोठे काढावी येथपासून तिला घरच्यांना विचारावे लागते.

त्याच सूचनांत घरोघर फिरू नका असेही सांगितले आहे, हे पाहून गृहशुश्रूषा करणाऱ्या भगिनी हसतील, कारण दिवसाला चार-पाच घरे हे त्यांचे कामच आहे. तेथे अर्थ वेगळा आहे. अधिक चांगल्या पाहुणचाराच्या शोधात घर बदलू नका, असा तो इशारा आहे. गृहशुश्रूषा आज बंगळुरूसारख्या शहरात मोठा व्यवसाय झाली आहे आणि ज्यांना पैसे मोजता येतात त्यांच्या दाराशी ती आधी पोहोचते. त्यामुळे हा इशारा कालबाह्य झालेला नाही. त्याच वचनात कामकरी मजुरीस पात्र आहे हेही आहेच. आपण मंडळीतील लोक परिचारिकेच्या पगाराचा विषय निघाला की 'सेवा' हा शब्द पुढे करतो, हे बरे नव्हे. खासगी रुग्णालयांत परिचारिकांना इतके कमी मिळत होते की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१६ च्या त्याच्या निर्देशानंतर केंद्र सरकारच्या समितीला अशी शिफारस करावी लागली की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे.

हे काम नवे नाही. इंग्लंडात लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ साली वारली. तिच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी राहून तिची शुश्रूषा केली होती. रॅथबोन यांच्या मनात आले, आपल्यासारख्या सधन घराला जर या शुश्रूषेचा एवढा आधार झाला, तर गरिबांच्या घरांत काय होत असेल? त्यांनी मेरीबाईंना तीन महिन्यांसाठी शहरातील गरीब वस्तीत आजाऱ्यांची सेवा करण्यास नेमले. महिनाभरात त्या रडत परत आल्या. एवढे दैन्य पाहणे मला शक्य नाही, मला मोकळे करा, असे त्यांनी विनविले. रॅथबोन यांनी त्यांची समजूत घालून मुदत पूर्ण करावयास लावली. आणि ती संपली तेव्हा त्याच बाईंना ते काम सोडवेना. घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याच्या संघटित कार्याचा आरंभ येथून मानतात. रुग्णालयाच्या कामाहून हे काम सोपे म्हणून कोणी तिकडे वळत असेल तर त्याने मेरीबाईंचा तो पहिला महिना जरूर आठवावा.

बंगळुरूपुरते बोलावयाचे तर, १९९४ साली स्थापन झालेल्या बंगलोर हॉस्पिस ट्रस्टचे उदाहरण मला मोलाचे वाटते. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांचे 'करुणाश्रय' हे आश्रयस्थान १९९९ साली उघडले. पण रुग्णांच्या घरी जाऊन विनामूल्य सेवा करण्यास त्यांनी त्याआधीच, १९९५ मध्ये, आरंभ केला होता. इमारत नंतर आली, उंबरठा आधी ओलांडला गेला. ही काही मंडळीची संस्था नव्हे. तरी आपण तिच्याकडून शिकण्यास हरकत नसावी.

माझ्या कठोर पत्रानंतरही त्या भगिनीने नोकरी बदलली. दोन वर्षांनी काही कामानिमित्त मी बंगळुरूस गेलो तेव्हा क्षमा मागावी म्हणून तिला भेटलो. ती म्हणाली, "पाळकसाहेब, क्षमेचे राहू द्या. वेळ असेल तर दुपारी माझ्याबरोबर चला."

हेब्बाळच्या पलीकडे एका अरुंद गल्लीत दोन खोल्यांचे घर होते. अर्धांगवायूने पडलेले एक वृद्ध गृहस्थ, त्यांची थकलेली पत्नी आणि सून. पाठीखाली शय्याव्रण झाला होता. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद त्यांनी देवघराजवळ जपून ठेवला होता. दर दोन तासांनी कूस बदलावी, असे त्यावर लिहिले होते. त्या भगिनीने तो कागद माझ्या हाती दिला. "ही ओळ मी वॉर्डात शेकडो वेळा लिहिली आहे," ती म्हणाली. "आता ही खाट पाहा."

खाट भिंतीला चिकटून होती. खोली इतकी लहान की, दाराची वाट मोकळी राहावी म्हणून ती तशीच ठेवणे भाग पडले होते. रुग्णाला एकाच बाजूने हात लावता येत होता. सून एकटी, पलीकडून उचलावयास कोणी नाही आणि कोणी उभे राहावयास जागाही नाही. कागदावरची ओळ बरोबर होती. ती पाळली जाण्याची शक्यता मात्र त्या खोलीत नव्हती, आणि हे वॉर्डात बसून कोणालाही कळले नसते. आम्ही कपाट बाहेरच्या खोलीत हलविले आणि खाट भिंतीपासून दीड हात अलीकडे ओढली. मग तिने सुनेला खाली चादर घालून ती कशी ओढावी, गुडघा कसा वाकवावा, खांदा व कंबर एकाच वेळी कशी वळवावी हे दाखविले. तिची कन्नड मोडकी होती, पण दुखते का, हे ती प्रत्येक वेळी त्या वृद्धालाच विचारीत होती, आणि त्याच्या नावाने विचारीत होती.

वाटेत तिने मला एक गोष्ट न विचारता सांगितली. तिच्या जागी वॉर्डात महिनोन् महिने कोणी आले नाही आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या परिचारिकेवर दोन्हींचा भार पडला. "तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते," ती म्हणाली, "पण तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही." मला यावर उत्तर सुचले नाही. या वेळी मी सुचवूनही घेतले नाही.

आपल्या प्रत्येक मंडळीत अंथरुणाला खिळलेला कोणी ना कोणी आहे. रविवारी आपण त्याचे नाव घेऊन प्रार्थना करतो. त्याची खाट भिंतीला लागून आहे की नाही, हे पंचमंडळीपैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्यातील निवृत्त परिचारिकांना कोणी हे विचारले आहे काय? महिन्यातून एक दुपार त्यांच्याबरोबर त्या घरी जाण्यास व कपाट हलविण्यास मंडळीतील तरुण तयार आहेत काय?

निघण्याआधी त्या घरच्या आजीने आम्हापुढे स्टीलच्या पेल्यांतून कॉफी ठेवली. वॉर्डात रुग्णाच्या घरचे काहीही घ्यावयाचे नाही, असा नियम त्या भगिनीने चौदा वर्षे पाळला होता. तिने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत ती कॉफी प्याली. आतल्या खोलीत सून एकटीच त्या वृद्धाला दुसऱ्या कुशीवर वळवीत होती.